केदारअप्पांचं झाड

उदगीरचे जुने लोक भेटले की म्हणतात, केदारअप्पांवर लिही. मी दरवेळी विषय बदलत आलो. आता अप्पांना ओळखणारी माणसं थोडीच उरली आहेत, आणि ती अप्पांच्या झाडाची जी गोष्ट सांगतात ती खोटी आहे. माझ्यामुळे खोटी आहे.

अप्पांचं अडत दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि भर उन्हाळ्यात हातात ओलं गोणपाट. दुकानामागे, उत्तरेच्या भिंतीलगत, त्यांनी एका रांजणात चिडाचं झाड वाढवलं होतं. चीड म्हणजे हिमालयातला पाइन. उदगीरच्या उन्हात तो जगावा असं काहीच नव्हतं. केदारच्या यात्रेहून येताना अप्पांनी त्याचं बी आणलं आणि झाडाखालची माती फडक्यात बांधून आणली. बरीच रोपं वाळून गेली, एक तेवढं जगलं. रांजणाभोवती गोणपाट गुंडाळायचं आणि ते ओलं ठेवायचं, हा अप्पांचा उन्हाळाभरचा उद्योग. त्यामुळेच गावानं त्यांना केदारअप्पा म्हणायला सुरुवात केली.

दुकानात आलेल्याला आधी झाड बघावं लागे. सुईसारख्या पानांचा एक झुपका बोटांत धरून अप्पा म्हणत, "मोजा. तीन हायत का न्हाई? बेलासारखं. म्हादेवाचंच झाड हाय हे."

एकदा एक हमाल म्हणाला, "अप्पा, आता केदारहून बर्फ बी आणा की!"

"बर्फ कोन मागतंय? सावली मागतंय ते. तुझ्यावानीच हाय, दुपारी काम नको म्हणतंय."

आतून अप्पांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "मला न्हाई कधी गार गोणपाट गुंडाळलं यांनी!"

मी मूळचा जळकोटचा. शिकायला उदगीरला आलो तेव्हा अप्पांनी मला गोदामाशेजारची खोली दिली. ते मला तम्मा म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. काकू मला जेवायला बोलवीत आणि अप्पा माझ्या ताटात स्वतः तूप वाढत. पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला आणि मला तिथल्या एका कचेरीत कारकुनी मिळाली.

त्यानंतर दुष्काळ पडला. गल्लीत टँकर येऊ लागला. अप्पा अंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडाला घालत. एका सकाळी घागर घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या बाईनं विचारलं, "अप्पा, झाडाला बी नंबर लागतो व्हय?" ती रागानं बोलली नव्हती. पण त्या दिवशी अप्पांनी गोणपाट भिजवलं नाही.

रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी हे सांगितलं. मी म्हणालो, झाड लातूरला द्या. कचेरीच्या आवारात बोअर आहे, मी रोज पाणी घालीन. साहेबांना आवारात झाडं हवी होती. हिमालयातलं झाड बघून ते खूश होतील, हे माझ्या मनात आधी आलं होतं. अप्पांची अडचण नंतर.

"तू सोता बघशील?"

"मी स्वतः बघतो."

टेम्पोत रांजण चढवताना अप्पांनी हमालांना हात लावू दिला नाही.

साहेब खरंच खूश झाले. झाड झेंड्याच्या खांबाजवळ, काळ्या मातीत, भर उन्हात लावलं गेलं. मी काही दिवस पाणी घातलं. मग टंचाईच्या कामासाठी माझी शिरूर अनंतपाळकडे रवानगी झाली. जाताना शिपायाला पाण्याचं एका शब्दानं सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. परत आलो तेव्हा झाड वाळून तांबूस होऊन उभं होतं. ते उपटल्यावर साहेब म्हणाले, रिकामा खड्डा बरा दिसत नाही. रोपवाटिकेतून सुरूचं रोप आणून मीच तिथं लावलं. सुरू लांबून थेट तसाच दिसतो. उदगीरला गेलो की अप्पा विचारीत आणि मी सांगे, बरं आहे, वाढतंय.

पुढच्या पावसाळ्यानंतर अप्पा काही न कळवता कचेरीत आले. मी त्यांना खांबाजवळ नेलं. त्यांनी सुरूची एक काडी बोटांत धरली आणि सवयीनं चाचपली. परत चाचपली. मग सोडून दिली. मी खाली बघत होतो.

"ह्याला बी पानी घालत जा, तम्मा," ते म्हणाले. मग आम्ही चहा प्यायलो आणि ते एसटीनं परत गेले.

त्यानंतर मी उदगीरला कमी जाऊ लागलो. गेलो तर कुणीतरी हमखास झाडाचा विषय काढी. अप्पा माझ्याकडे न बघता सांगत, "लातुरात हाय. जोरात हाय." गावात आजही तीच गोष्ट सांगतात.

अप्पा आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी ठरवून गेलो. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं: अप्पा, झाड माझ्या हलगर्जीपणानं मेलं, आणि मी तुम्हाला फसवलं. खोलीत काकू, मुलगा, सून होते. अप्पांचा आवाज बारीक झाला होता. मला बघून ते मुलाला म्हणाले, "ह्याला जेवल्याबिगर सोडू नका. घरचाच हाय."

मी त्यांच्या उशाशी बसलो. काकू पाणी आणायला गेल्या, मुलगा आणि सून बाहेर गेले. अप्पा माझ्याकडे बघत होते. मी काही बोलेन म्हणून ते थांबले होते, असं मला आजही वाटतं.

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "अप्पा, औषधं वेळेवर घेताय ना?"