रेखाताईंनी दिलेलं शून्य

रेखाताई गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी आला आणि मी तो खरा मानला नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, तरी मानला नाही. आलेल्या निरोपावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी सरळ त्यांच्याच नंबरवर फोन लावला. उचलला त्यांच्या यजमानांनी. "खरं शे, माय," एवढंच म्हणाले... पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

रेखाताई तापीकाठच्या शेतकरी घरातल्या. नोकरीभर त्यांनी शिक्षकांना शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या संस्थेच्या नंदुरबारच्या छोट्या शाखेत आल्या. सातपुड्यातल्या शिक्षकांसाठी आम्ही एक ऑनलाइन अभ्यासक्रम करत होतो. घरी पावरी बोलणारं मूल पहिलीत आलं, की त्याला मराठीकडे कसं न्यायचं, हा विषय. पाठांची मांडणी मी करायचे, तपासणी समितीत ताई होत्या. तपासायला पुण्याच्या मुख्य ऑफिसने रुब्रिक पाठवलं होतं, म्हणजे निकषांचा एक तक्ता. उद्दिष्टं स्पष्ट आहेत का, कृती त्या उद्दिष्टांना धरून आहेत का, शिकणाऱ्याला साहित्य सहज मिळतं का... अशा प्रत्येक ओळीला गुण. काही शाळांमध्ये चाचणी झाली, शिक्षकांनी पाठ पूर्ण केल्याच्या नोंदी आल्या आणि समितीतल्या बाकीच्यांनी आम्हाला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले. ऑफिसात पेढे आले. ताई पेढा हातात धरून बसून राहिल्या.

"माले हाई खरं वाटत नई," त्या म्हणाल्या. "ज्या गावात साधा फोन लागत नाही, तिथं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला जातो कसा? आणि परीक्षेत एकाचंही उत्तर चुकत नाही?"

मी म्हटलं, "ताई, शिक्षकांनी मनापासून केलं असेल."

"तू सोता देखं का?"

मी पाहिलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी गुण दिले होते ते ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवर, पंख्याखाली बसून.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी सातपुड्यातल्या धडगावला गेलो. तिथून जीपमध्ये दाटीवाटीने बसून आणखी वर, जयवंती पावरा या तरुण शिक्षिकेच्या शाळेत. तिने चहा केला, अभ्यासक्रम फार छान आहे म्हणाली, खूप शिकायला मिळालं म्हणाली. ताई ऐकत होत्या. परतायच्या जीपमध्ये त्यांनी मला सांगितलं, "इतकं गोड कुणी बोलायला लागलं की मला शंका येते." पण तिथे त्या एवढंच म्हणाल्या, "आवडलेला एखादा पाठ दाखव ना."

जयवंतीने फोन काढला. शाळेमागच्या चढावर जाऊन उभी राहिली, फोन उंच धरला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं... आणि मग ती रडवेली झाली. धडगावला एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे सगळ्यांचे पाठ चालवून देतात, उत्तरंही तेच भरतात, ती म्हणाली. प्रमाणपत्र वेळेत जमा केलं नाही, तर नोटीस येते. "मॅडम, मला खरंच बघायचं होतं. माझ्या वर्गातली पोरं माझ्याशी पावरीत बोलतात आणि पुस्तक उघडलं की गप्प होतात."

मला वाटलं, आता ताई तिला बोल लावणार. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "नुसता आवाज पाठवला तर येतो का इथे?"

परतताना घाटात ताई म्हणाल्या, "हे जसंच्या तसं वर कळवलं तर काय होईल? त्या पोरीला नोटीस जाईल. आपल्याला काही होणार नाही." त्यांचा संशय असा सगळ्यांवर होता, त्यात आम्हीही आलो.

पुढच्या बैठकीत 'शिकणाऱ्याला साहित्य सहज मिळतं का' या ओळीपुढे त्यांनी शून्य लिहिलं. आमच्याच अभ्यासक्रमाला. पुण्याचे साहेब पडद्यावरून चिडले. "कोणत्या शाळेत गेला होतात? नाव सांगा."

"नाव नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "निकष अभ्यासक्रमासाठी आहे, बाईसाठी नाही."

मग कुजबुज सुरू झाली. ताईंना दुसऱ्या संस्थेने फितवलंय, म्हातारपणी महत्त्व हवंय, असं काय काय. त्यांना समितीतून काढलं. पण एका निकषात शून्य असलेला अभ्यासक्रम नियमाने सुरू करता येत नव्हता, त्यामुळे तो थांबला आणि आम्हाला तो पुन्हा करावा लागला. कुठलंही पद नसताना ताई रोज येत राहिल्या. आधी आम्ही पाठ करून मग तक्ता भरायचो. आता त्या एकेक ओळ मोठ्याने वाचायच्या आणि विचारायच्या, "हे जयवंतीच्या शाळेत कसं होईल?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाठ लिहायचा नाही. व्हिडिओंच्या जागी छोटे आवाजी पाठ आले, शिक्षक ते केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, बैठकीत फोनमध्ये उतरवून घेऊ लागले. पावरी वाक्यं जयवंतीने स्वतःच्या आवाजात दिली. आणि परीक्षेऐवजी आपल्या वर्गातल्या मुलांशी झालेलं बोलणं पाठवायचं ठरलं. ते काही झेरॉक्सच्या दुकानात मिळण्यासारखं नव्हतं. या खेपेला गुण कमी पडले. ताई खूश होत्या. "आता जरा खरं वाटतं," म्हणाल्या.

त्यांच्या शोकसभेत, ज्यांनी त्यांना समितीतून काढलं होतं, त्यांनीच सर्वांत लांब भाषणं केली. मी मागे बसून प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहत होते.

नंतर पुण्याहून अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ताईंचा भलामोठा फोटो टाकला गेला, भोवती हार आणि समई. दोन दिवसांनी जयवंतीचा फोन आला. चाचरत म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका... पण पहिलं पान उघडतच नाही."

मी फोटो काढून टाकला. पुण्याहून लगेच विचारणा झाली, तुमचं आणि त्यांचं काही बिनसलं होतं का? मी ताईंचं नाव तेवढं साध्या अक्षरात ठेवलं.

संध्याकाळी जयवंतीचा पुन्हा फोन. "उघडलं, मॅडम."

बरं म्हणून फोन ठेवायचा, तर तोंडातून निघून गेलं, "तू स्वतः उघडलंस ना?"

पलीकडे ती हसली. मग तिने पानावरचं रेखाताईंचं नाव मला वाचून दाखवलं.