कुबडीचा खटका

संग्रामला एका जागी बसवत नाही. शाळेत त्यासाठीच ओरडा खायचा. अकरावीत नापास झाला आणि त्याने शाळेलाच रामराम ठोकला. आता दिल्लीत कोटल्याच्या एका दुकानात बॅटरीवाल्या स्कूटरांना सामान बसवतो. कुणाला मोबाइलचा स्टँड हवा, कुणाला मागे टिफिनची पेटी, कुणाला गॅस सिलिंडर नेता येईल असं कॅरिअर. पाना हातात आला की मात्र पोरगा हलत नाही, जेवायलाही उठत नाही. त्याचे वडील अण्णासाहेब मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. त्यांना हे अजून पचलेलं नाही.

लक्ष्मीबाई नगरात त्यांच्याच बिल्डिंगमध्ये चंद्रप्रभा मावशी राहते. सख्खी नाही, आईची मैत्रीण. संग्राम शाळा सोडून घरी बसला तेव्हा लिफ्टमध्ये भेटेल तो त्याला बाहेरून परीक्षा द्यायचं ज्ञान देत होता. मावशीने बंद पडलेला मिक्सर त्याच्या मांडीत ठेवला आणि म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. उघड तो." बस. तेव्हापासून मावशीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर संग्राम अंगावर जातो. वय बघत नाही.

मावशी एका खात्यात स्टेनो आहे. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. उजव्या हाताला कुबडी असते. ऑफिसला नेणं-आणणं तिच्या नवऱ्याचं, नरसिंहकाकांचं, त्यांच्या पेट्रोलच्या स्कूटरवरून. आणि या वर्षी काकांची बदली आली नागपूरला.

सगळ्यांनी धरूनच चाललं की मावशीही बदली मागणार. मावशीने पोळी लाटता लाटता नाही म्हटलं.

"मागून घेतलेल्या बदलीत सीनिऑरिटी जाते. तिकडे कालच्या पोरांच्या खाली बसायचं? आणि इथे प्रमोशन तोंडावर आलंय."

"अगं, पण ऑफिसला जाशील कशी?" काका म्हणाले. "कुबडी बघितली की ऑटोवाले पुढे काढतात. रोज भांडणार आहेस?"

संग्राम तिथेच चहा पीत होता. "मी सोडीन ना रोज. बिल्कुल टेन्शन नाही."

"तू नको," मावशी म्हणाली. "आज काका, उद्या तू. मला गाडी करून दे. माझी मी जाईन."

काकांनी अट घातली. रविवारी सकाळी तिने एकटीने बिल्डिंगपासून दुधाच्या बूथपर्यंत जायचं, उतरायचं, दूध घ्यायचं, परत यायचं. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर ते एकटे नागपूरला जातील. नाही जमलं तर सोमवारी तिने बदलीचा अर्ज द्यायचा.

"मंजूर," मावशी म्हणाली.

गाडी आली ती बॅटरीची, लायसन्स न लागणारी, हळू पळणारी. संग्रामने तिच्यात जीव ओतला. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चाकं जोडली, म्हणजे कलंडायची भीती नको. मावशीला वाकावं लागू नये म्हणून चार्जिंगचं तोंड सीटखालून काढून वर हँडलजवळ आणलं. गाडी मागे घ्यायचं बटण अंगठ्याशी दिलं. डावा पाय पायदानावरून घसरू नये म्हणून कडेला रबराची उंच पट्टी लावली. सीटवर पानिपतची जाड चादर शिवून चढवली. मोबाइल चार्जर, डब्याला हूक, तोंडावर वारा यायला छोटा पंखा. आणि डाव्या बाजूला, मागे, कुबडी अडकवायची पकड. पाय डावा, म्हणून पकड डावी. एवढाच त्याचा हिशोब.

रविवारी निम्मी बिल्डिंग गॅलरीत आली. मावशी झोकात गेली. बूथपाशी थांबली आणि मागे वळून डावीकडे कुबडी शोधायला लागली. हात पुरेना. शेवटी चांगला पाय टेकून उजव्या बाजूने उतरू म्हणाली आणि आधारासाठी हँडल घट्ट धरलं. हँडल पिळलं गेलं. गाडी गप्पकन पुढे पळाली आणि मावशी रस्त्यावर बसली.

काका धावले. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"झालं समाधान? गाडी बंद न करता उतरतात का?"

"आवाज कुठे येतो तिला, बंद आहे का चालू कळायला?" मावशीही तापली. "आणि एक हात कुबडीला, एक हँडलला. चावी काय दाताने फिरवू?"

संग्राम गाडीजवळ उकिडवा बसून खाली बघत होता. त्याला कळून चुकलं होतं. या गाड्यांच्या साइड स्टँडला एक छोटा खटका असतो. स्टँड खाली असेपर्यंत मोटर फिरतच नाही. बाजूची चाकं लावली की स्टँड काढावा लागतो. मग सगळे मिस्त्री त्या खटक्याच्या वायरी एकमेकींना जोडून टाकतात, म्हणजे गाडी कायम तयार. त्यानेही तेच केलं होतं. रोज करतो तसं.

"काका, चूक माझी आहे. मावशीची नाही."

"कुणाची का असेना. उद्या अर्ज."

"एक आठवडा द्या."

"कशाला? परत पाडायला?"

"नरसिंह," मावशी म्हणाली. ती नवऱ्याला नावाने हाक मारायची तेव्हा बिल्डिंग ऐकायची. "पडले मी. आठवडा मी मागतेय."

काकांनी कुबडी काढून तिच्या हातात दिली. मग स्वतःच बूथवर दूध घ्यायला गेले.

सोमवारी संग्रामने आईच्या ओढणीने स्वतःचा डावा पाय मांडीशी बांधला, एक कुबडी मागून आणली आणि दुकानासमोर गाडीवर चढ-उतर करायला लागला. दोनदा आपटला. मालक आतून ओरडला, "ओए, सर्कस में भरती होना है क्या?"

"यार, आप काम करो अपना."

मावशीसाठी गाडीला काय काय लावलं, पण मावशी उतरते कशी हे एकदाही बघितलं नव्हतं. आता अंगाला कळलं. उतरायचं उजवीकडूनच. आणि कुबडी हवी पुढे, उजव्या गुडघ्याजवळ, नजर न वळवता हाताला लागेल अशी.

त्याने पकड तिथे आणली. मग जोडलेल्या वायरी तोडल्या, स्टँडचा तो खटका पकडीच्या तळाशी बसवला आणि वायरी त्याला दिल्या. कुबडी आत दाबून बसली की खटका दबतो आणि मोटर जागी होते. कुबडी उचलली की मोटर मेली. मग हँडल पिळा, नाही तर त्याला लटका. मावशी कुबडी घेतल्याशिवाय उतरूच शकत नाही, त्यामुळे बंद करायचं विसरायचा प्रश्नच नाही. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून खटक्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. मावशीला रोज संध्याकाळी खाली बोलावून सराव करून घेतला. पंखा तिने स्वतःच काढायला लावला. "डोळ्यात धूळ घालतो मेला."

पुढच्या रविवारी काका सकाळीच खाली आले. मावशीला बाजूला केलं आणि स्वतः गाडीवर बसले. कुबडी उचलली, हँडल पिळलं. काही नाही. जोरात पिळलं. काही नाही. कुबडी ठेवली, गाडी सरकली. असं चार-पाचदा केलं.

"आणि हा खटका बिघडला तर?"

"तर गाडी चालणार नाही," संग्राम म्हणाला. "पळणार तर नाहीच. मी येईन ना. पाच मिनिटांत येईन."

"रात्री-बेरात्री?"

"काका, मी झोपतो कुठे?"

मावशी बसली. कुबडी खाली दाबली, टक आवाज झाला. बूथपाशी उजवीकडून उतरली, कुबडी टेकली, दूध घेतलं. बूथवाला पिशवी द्यायला बाहेर येत होता, तर तिने त्याला हाताने आतच थांबवलं. परत येताना बिल्डिंगच्या तोंडाशी एक गाडी आडवी लागली होती. तिने अंगठ्याने बटण दाबलं, स्कूटर मागे घेतली, वळवली आणि काकांच्या पायाशी आणून उभी केली.

"कोपर दाखव," काका म्हणाले.

"पडले नाही मी आज."

"तरी दाखव."

तिने बाही वर केली. मागच्या रविवारची खपली होती. काकांनी ती नीट बघितली, तिच्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि संग्रामला म्हणाले, "चल वर. माळ्यावरची बॅग काढून दे."

"कुठली?"

"छोटी. एकट्याचे कपडे किती असतात?"