परीक्षेला दिलेले दात

आमच्या मामांइतकं दातांना राबवून घेणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पण त्यांना मामा म्हणायला नातं लागत नाही. सिडकोपासून अंबडपर्यंत ज्यांच्या घरचा पंखा कधीतरी बंद पडला, ते सगळे त्यांचे भाचे. धंदा वायरमनचा. खिशात टेस्टर, कमरेला पक्कड, आणि तरीही वायर सोलायची ती दातांनीच. खालच्या पुढच्या दातांच्या फटीत वायर धरायची, मान तिरकी करून एक हिसका द्यायचा, की प्लास्टिक एकीकडे आणि तांबं एकीकडे. मी एकदा त्यांना वायर सोलायचं चांगलं अवजार आणून दिलं. त्यांनी त्याचं पाकीट दातांनी फाडलं, आतली वस्तू उलटसुलट करून पाहिली, तोंडभर कौतुक केलं आणि पिशवीच्या तळाशी टाकून दिली. म्हणाले, "जावईबापू, शिडीवर एक हात भिंतीला लागतो, एक वायरीला. तिसरा हात देवानं तोंडात दिलाय."

हा तिसरा हात सोड्याची बाटली उघडायचा, चिकटपट्टी तोडायचा, सुतळीच्या गाठी सोडवायचा आणि लग्नघरात मांडवाची रोषणाई करता करता अख्खी सुपारी फोडून पोरांना दाखवायचा. मग एकेक दाढ ठणकायला लागली. मामांनी लवंग धरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, कापूर लावला आणि गालावरून डोक्यापर्यंत रुमाल बांधून ते शिडीवर चढत राहिले. गिऱ्हाईक विचारायचं, "मामा, बरं नाही का?" मामा म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? दाढ आजारी हाय." हातावर पोट असलेला माणूस स्वतः आजारी पडत नाही, त्याचा एखादा अवयव पडतो आणि बाकीचा माणूस कामावर जातो.

शेवटी मी त्यांना कॉलेज रोडच्या एका काचेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. माझ्या दातांचं बिल सरकारी नोकरी भरते, त्यामुळे असल्या जागी मला भीती वाटत नाही. मामांनी मात्र सोफ्यावर बसून दोनदा उसळून पाहिलं आणि माझ्या कानात सांगितलं, "सोफा लय मऊ हाय. इथं बिल कडक असणार." डॉक्टरांनी दाढ तपासली, वाचवता येईल म्हणाले, मुळातली कीड काढू, वर टोपी बसवू. मग आकडा सांगितला. मामा तोंड उघडं ठेवूनच ऐकत होते, ते तसंच राहिलं. त्यांनी खुर्चीच्या लोखंडी दांड्याला टेस्टर लावून बघितला आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमची अर्थिंग गेलेली हाय. सगळा दवाखाना नवा करून देतो, तुम्ही माझी दाढ करा." डॉक्टर हसले. चांगला माणूस होता. पण त्यांच्या वायरिंगचा कंपनीशी करार होता, आणि मामांचा कशाशीच नव्हता.

नंतर आम्ही उपचाराचं सरकारी कार्ड घेऊन एका मोठ्या इस्पितळात गेलो. खिडकीतल्या बाईंनी यादी पाहून सांगितलं, दाढ यात बसत नाही. "हृदय बसतं का?" मामांनी विचारलं. बसतं, म्हणाल्या. "मग ते बिघडलं की येतो," म्हणून मामा बाहेर पडले. राहिला फुकटचा सरकारी दवाखाना. तिथे दातांवर उपचार एकच, उपटणे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा दात वाचवायचा, ज्याच्याकडे नाहीत त्याचा काढायचा, आणि दोघांनाही इलाज झाला म्हणायचं, ही व्यवस्था ज्यांनी शोधून काढली त्यांचे दात कोण बघतं हे मला एकदा विचारायचंय. मामांच्या दाढा एकामागोमाग एक गेल्या. वरचे दातही गेले. उरले खालचे पुढचे चार, वायर सोलणारे. भाकरी चावता येईना, पण धंदा चालत होता.

मग कुणीतरी डेंटल कॉलेज सुचवलं. तिथे शिकणारी मुलं स्वस्तात दात करतात. मामा गेले आणि चमत्कार झाला, त्यांना मागणी आली. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेत एका पेशंटची पूर्ण कवळी करून दाखवावी लागते. पेशंट ज्याचा त्याने आणायचा. ऐन परीक्षेला पेशंट आला नाही तर मूल नापास. सटाण्याकडची एक मुलगी अशाच बोळक्या तोंडाच्या शोधात वणवण फिरत होती. तिने मामांच्या तोंडात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मामांचं तोंड बघून कुणी इतकं खूश झाल्याचं मामींनाही आठवत नाही.

त्या दिवसापासून मामांचे दिवस पालटले. कवळीचा खर्च तीच भरणार होती. सकाळी तिचा फोन, "बाबा, नाश्ता केला का? गोळी घेतली का?" न्यायला रिक्षा. मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि कुणी कामाला बोलावलं तर सांगायचे, "आता नाय जमणार, माझी परीक्षा हाय." अडचण एकच होती, ती म्हणजे ते चार दात. पूर्ण कवळीला तोंड पूर्ण रिकामं लागतं. तिच्या सरांनी एकेक हलवून पाहिला. तीन हलले, एक हलला नाही. मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "बाबा, हा चांगला आहे. ठेवता येईल. पण मग तुमची केस मला परीक्षेला चालणार नाही. मी दुसरं कुणी बघते." मामांनी थोडा वेळ त्या दातावरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "दुसरं कशाला? काढ."

मी चिडलो. चांगला दात, पोटापाण्याचा दात, काय म्हणून दिलात? मामा म्हणाले, "जावईबापू, आजवर कुणी मला रिक्षा पाठवली होती का?"

हिरड्या भरल्या, मापं झाली, मेणात दात लावून झाले. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले तेव्हा मामा खुर्चीत ताठ बसले होते. ती पास झाली. तिने मामांच्या पाया पडून पेढा दिला. नव्या दातांनी पहिला घास पेढ्याचा. मामा सगळ्या सिडकोला सांगत सुटले, "आम्ही पास झालो."

महिन्याभरात कवळी टोचायला लागली. डाव्या हिरडीवर फोड आले. मामा कॉलेजात गेले. मुलगी शिकून गावाकडे परतली होती. नव्या मुलांना नवी तोंडं हवी होती. टेबलावरच्या माणसाने कागद पाहून सांगितलं, "तुमची केस कंप्लीट झालीय, बाबा. आता नवीन नंबर लावा." काम सोडून मामांनी नंबर लावला, पुन्हा लावला, मग सोडून दिला. घरी काचपेपरने स्वतःच कवळी घासली, तर ती आणखी ढिली झाली. आता ती त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत, स्क्रूच्या डबीत असते. मी दिलेलं वायर सोलायचं अवजार त्यांनी तळातून वर काढलंय. शिडीवर दोन्ही हात त्यातच गुंततात, म्हणून मामी खाली उभ्या राहून शिडी धरतात.

परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. मामांनी आमटीत भाकरी कुस्करली होती आणि ती मऊ व्हायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिने स्वतःचा छोटा दवाखाना टाकला होता आणि तो बाबांना दाखवायचा होता. मामांनी घाईघाईने डबी उघडली, कवळी धुतली, बसवली. दुखलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, दात कसे आहेत?" तिने विचारलं. मामांनी मोबाइल जवळ धरला आणि सगळे दात दाखवले. "एकदम फिट! ऊस खातोय." ती खूप हसली. मग तिने त्यांना खुर्ची दाखवली, दिवा दाखवला, आणि मामांनी तिला अर्थिंग नीट करून घ्यायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी कवळी काढली आणि ताटाजवळ ठेवली. मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तिला नका सांगू." मग भाकरी मऊ झाली का ते बोटाने दाबून पाहिलं आणि जेवायला लागले.