संत्र्याच्या मधातला धूर

आमच्या मध तपासणी केंद्रात एकच खोली थंड असते, आणि ती माणसांसाठी नाही. तिथे वास घेणारं यंत्र आहे. बारक्या बाटलीत मध घालून कोमट करायचा, वरची वाफ नळीने आत ओढू द्यायची. आतले सेन्सर त्या वासाचा आलेख काढतात, आधी शिकवलेल्या नमुन्यांशी ताडतात आणि मध कुठल्या फुलाचा ते पडद्यावर येतं: सूर्यफूल, मोहरी, संत्रा. त्याला धूळ चालत नाही, अत्तर चालत नाही, नुकतंच जेवून आलेलं माणूस जवळ उभं राहिलेलं चालत नाही. एवढे लाड पाहून मी त्याला जावई म्हणायला लागले. यंत्र चालवणारीचं नाव नाकाबाई पडलं, तेही माझ्यामुळेच. मी पिंपांच्या गोदामात असते आणि माझी जीभ जरा सैल आहे.

नाकाबाईचा थोरला भाऊ मधपाळ होता, पेट्या घेऊन बागाबागांतून फिरायचा. आईवडील लवकर गेले, हिचं शिक्षण त्यानेच केलं. या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. आठवडा व्हायच्या आत ही कामावर हजर. मी म्हटलं, चहा घे. "बरं." घरी जा, जरा पड. "बरं." आणि बाटल्या धुवत बसली. रडली नाही, कुणावर चिडली नाही. तिच्या वहिनीचा मला फोन आला, "ही रडत का नाही हो? मला भीती वाटते." मी म्हटलं, रडेल हो. मला काय माहीत होतं, डोंबल!

एक गोष्ट मात्र ती मन लावून करायची. सकाळी यंत्र सुरू केलं की आधी ओळखीचा एक नमुना लावून ते ठिकाणावर आहे ना ते बघावं लागतं. ती दादाच्या शेवटच्या बरणीतला मध लावायची. पडद्यावर यायचं: संत्रा, ९८ टक्के. त्याकडे ती बघत राहायची आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालायची. एकदा मी विचारलं, "रोज काय बघतेस एवढं?"

"हे अजून ओळखतं त्याला," ती म्हणाली. बस्स, तेवढंच.

मग संत्र्याच्या मधाचा हंगाम आला, यंत्र बसवल्यानंतरचा पहिलाच, आणि जावई बिथरला. संत्र्याचा म्हणून येईल ते पिंप नाकारायला लागला. मिश्र फुलोरा, मिश्र फुलोरा, एकच धोशा. एका फुलाचा दाखला मिळाला नाही, तर चांगला मधही मिश्रच्या टाकीत ओततात आणि मधपाळाचा हंगाम पाण्यात जातो. पेटीकाका म्हणून आमचे एक जुने मधपाळ आहेत, ते गोदामात येऊन माझ्यावरच कडाडले. "माझ्या माशा महिनाभर संत्र्याच्या बागेत मुक्कामाला होत्या! मग काय, माझी पाठ वळल्यावर बाजारात जाऊन साखर खात होत्या?" मला हसू येत होतं, पण त्यांचा ओठ थरथरत होता. नाकारलेली पिंपं उचलायला सोमवारी गाडी येणार होती.

नाकाबाईने यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी.

"संत्रा शिकवताना नमुने कुणाकुणाचे घेतले होते?" त्याने विचारलं.

"एकाचेच. माझ्या भावाचे."

"एकाचेच? का?"

"बाकीच्यांची खात्री नव्हती. तो खोटा मध देणार नाही, हे माहीत होतं."

त्याने पुढे विचारलं, "मध काढताना ते धूर कशाचा करायचे?"

माशा शांत व्हाव्यात म्हणून पेटीवर धूर सोडतात. आमचे सगळे मधपाळ त्यासाठी लाकडाचा भुसा जाळतात.

"गोणपाटाचा," ती म्हणाली. "वर निलगिरीची पानं. दुसरं काही चालायचंच नाही त्याला."

"मग झालं तर. यंत्र संत्रा शिकलंच नाही, मॅडम. ते त्यांचा धूर शिकलं."

खात्री करायची म्हणून वहिनीकडून दादाचा धुराचा डबा मागवला. मागच्या अंगणात गोणपाट पेटवलं, पानं टाकली आणि सूर्यफुलाच्या मधाची उघडी बरणी त्या धुरात धरली. मग तो मध जावयाला हुंगवला. संत्रा, ९५ टक्के! सगळं केंद्र खो खो हसलं, पेटीकाकांनी तर टाळ्या पिटल्या. नाकाबाई पडद्याकडे बघत उभी होती. इतका वेळ, की आमचं हसू आपोआप विरलं.

उपाय साधा होता. जुने नमुने पुसायचे, आणि ज्यांच्या पेट्या बागेत उभ्या असलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या, अशा पाचसहा मधपाळांच्या मधावर यंत्राला नव्याने शिकवायचं. इंजिनियर भला माणूस. म्हणाला, "भावाचा एखादा नमुना राहू द्या, बिघडत नाही."

"नको," ती म्हणाली. "एक जरी राहिला तरी ते त्यालाच शोधत बसेल."

एकेक नमुना निवडून तिने पुसला. दर वेळी पडदा विचारायचा, नक्की पुसायचा? ती बटण दाबायची. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खरं सांगते, मला तिचा राग आला. इतकं कोरडं असावं माणसाने?

सोमवारची गाडी रिकामी परत गेली. पेटीकाकांची सगळी पिंपं पास झाली.

दुसऱ्या दिवशी मी किल्ल्या द्यायला थंड खोलीत गेले, तर तिने दादाचाच मध लावला होता. संत्रा, ८१ टक्के. काल काकांच्या मधाला आले होते तसेच.

"आता हा कुणाचाही असू शकतो," ती म्हणाली.

मग त्या खोलीत जे कधीच करायचं नसतं ते तिने केलं. बरणीचं झाकण काढलं, बोट घातलं आणि चाटलं. पुन्हा चाटलं. बरणी माझ्यापुढे धरली. "ताई, धूर लागतो का हो? मला कळेनासं झालंय."

मी बोटभर मध तोंडात घेतला. गोड, किंचित आंबूस, फुलांच्या वासाचा. धुराचा मागमूस नव्हता.

"लागतो की," मी म्हटलं. "गोणपाटाचाच."

ती होती तिथेच फरशीवर बसली आणि तोंड उघडून, लहान मुलासारखी रडायला लागली. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसले.