मुक्या पिक्चरमधली आई

काल रूमवर कॉलेजचा आमचा तो मुका पिक्चर परत लावला आणि हसून हसून पोट दुखलं! थांबा, सांगतेच.

लोणखेड्याला कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. गॅदरिंगला आमच्या ग्रुपने ठरवलं, जुन्या काळातल्यासारखा मुका पिक्चर करायचा. मोबाइलवर शूट, ब्लॅक अँड व्हाइट, तुरुतुरु पळणारी माणसं, मधेमधे डायलॉगच्या पाट्या. स्टोरी काय, तर तापीकाठचा जमीनदार, डोंगरातली बाई आणि त्यांची पोरगी. कोर्टात जज तिला विचारतो, तू नेमकी कोणाची?

हिरोइन ठरलेलीच. "तूच व! तू तं खरीच अर्धी-अर्धी शे," डायरेक्टर म्हणाला. पप्पा तापीकाठचे गुजर, आई तोरणमाळच्या डोंगरातली पावरा आदिवासी, म्हणून. मला ते अर्धी-अर्धी जाम आवडायचं. डबल काहीतरी मिळाल्यासारखं!

आईचा रोल मात्र कोणी घेईना. म्हणून मी खऱ्या आईलाच विचारलं. ती नाहीच म्हणाली. घरी आम्ही सगळे गुजरी बोलायचो आणि आईची गुजरी जरा वेगळी यायची. पप्पांची बहीण, म्हणजे फुई, पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायची, "भाभी, परत बोल ना!" आणि सगळे हसायचे. तेव्हापासून आई चारचौघांत तोंडच उघडायची नाही.

"अगं, पण मुका पिक्चर आहे! आवाज काढून टाकणार."

"कोणालाच ऐकू येणार नाही?"

"कोणालाच."

"मग करते."

कॉलेजमागच्या निंबाखाली कोर्ट. जज आमच्यातलाच, कापसाला काजळ फासून केलेली त्याची मिशी. आई स्वतःची चांदी घालून आली, कंबरेवर हात ठेवला आणि सुरू झाली! घडाघडा पावरी. तिला एवढं लांबलचक बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. एक शब्द कळला नाही, पण कट म्हणायची कोणाची हिंमत होईना. तिथे आम्ही पाटी टाकली: धर्मावतार, माझ्या लेकीला न्याय द्या!

गॅदरिंगला हॉल भरलेला. आई आणि फुई पुढच्या रांगेत. ती पाटी गेली, पडदाभर आईचा चेहरा आला. पुढच्या रांगा हळहळल्या, फुईने तर डोळे पुसले. आणि मागून, जिथे धडगावकडची, पावरी बोलणारी हॉस्टेलची पोरं बसायची, तिथून हास्याचा स्फोट! शिट्ट्या! इथेही आईला हसतात? मी तणतणत मागे गेले.

"काय व, कसाले हासी ऱ्हायनात?"

माझ्या वर्गातली एक पावरा मुलगी डोळे पुसत म्हणाली, "तुन्ही माय काय बोलनी, तुले समजनं नही?"

त्यांनी आईचे ओठ वाचले होते! आई जजला म्हणत होती, "तिला काय विचारतोस? आधी तुझी मिशी धर, लोंबतेय. पोर सकाळपासून उपाशी आहे. तिला जेवू दे, मग ठरवा कोणाची ते."

आई मागे वळून पाहत होती. तोंडावर पदर, डोळे मात्र हसत होते. फुई विचारत होती, "भाभी, काय बोललीस गं?" आई म्हणाली, "मुका आहे ना, बेन!"

मीपण हसले. पण सगळ्यांच्या नंतर, दुसरीने समजावून सांगितल्यावर. कसली अर्धी-अर्धी मी?

दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती, मी आवाजासकट मूळ क्लिप लावून तिच्यामागे एकेक शब्द म्हणायला लागले. पहिलाच शब्द असा काही निघाला की ती पिठाच्या हातांनी हसत सुटली. मग हात पुसले. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "परत बोल." फुईसारखं नाही, वेगळंच.

आता पुण्यात नोकरी, आई लांब. काल पिक्चरनंतर ती आवाजाची क्लिपही लावली, मिशीपर्यंत सगळी कळली. 'उपाशी' या शब्दापाशी पोचले आणि राहवेना, आईला फोन लावला. तिच्याच भाषेत सांगितलं, मी जेवले.

पलीकडून हसू ऐकू आलं. "परत बोल," ती म्हणाली.