वाकडा ड्राइव्ह

आमच्या खापरखेड्याच्या वसाहतीत अर्ज टाइप करून देणारे एक काका आहेत. फ्लॉपीवर एवढा जीव आणि त्याच फ्लॉपीवर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात दुसरा नसेल. आजच्या मोबाइलचा एक फोटोही फ्लॉपीत मावत नाही, असं म्हटलं की काका म्हणतात, "फोटो कायले पाहिजे? माणसाले जे सांगायचं असते ते इतक्यात मावते." पण ठेवतात प्रत्येक फाइलच्या तीन फ्लॉप्या, तीन वेगळ्या डब्यांत. एकदा काकूंनी एका डब्यावर रेडिओ ठेवला, त्यातल्या चुंबकानं फ्लॉप्या पुसल्या जातील म्हणून घरात आठवडाभर अबोला होता.

माझे बाबा वीज केंद्रात कोळशावर मजूर होते, त्यांना लिहिता येत नव्हतं. मी घराण्यातली पहिली पदवीधर, हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. मी अमरावतीला होस्टेलवर होते तेव्हा बाबा सांगायचे, काका टाइप करायचे आणि पत्र यायचं. पुढे ती पत्रं वाळवीनं खाल्ली. गेल्या वर्षी बाबाही गेले.

काकांकडून बाबांच्या एका पत्राची फ्लॉपी मागून मी सीताबर्डीच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "कोरी आहे ताई, फॉरमॅट मारू?" पुसली जायच्या आत मी ती त्याच्या हातातून ओढलीच. काकांना सांगितलं तर ते हसले. "माह्या ड्राइव्हची लिहा-वाचायची मुंडी वाकडी हाय. त्यानं लिहिलेलं त्यालेच वाचता येते. म्हणून तर त्याले दुरुस्त नाही केलं."

मग त्याच ड्राइव्हमध्ये ती फ्लॉपी घातली. नुसती खरखर. दुसरीला बुरशी. तिसरी घालताना काकांनी पंखा बंद केला. ड्राइव्ह टकटक करून थांबला, पुन्हा टकटकला.

"काका, ही पण गेली तर?"

"तं गेली. काहून घाई करून राहिली वं?" म्हणाले, पण स्वतःच पडद्याकडे वाकून बघत होते.

पत्र उघडलं. अभ्यास कर, दूध घेत जा, सगळं मला आठवत होतं तसंच. मधल्या दोन ओळी मात्र मी कधीच वाचल्या नव्हत्या: 'हे लिहू नको गा. पोरगी गेल्यापासून घास उतरत नाही. तिले समजलं तं कॉलेज सोडून येईन.'

"बोलत्या माणसाले मधात काहून थांबवा?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "समदं टाइप करून घेत होतो. छापताना त्यानं नको म्हटलेलं काढून टाकत होतो."

थोड्या वेळानं त्यांनी प्रिंटरला कागद लावला. "त्या दोन ओळी काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आता माह्यं कॉलेज झालं."