अकोल्याहून आलेले आवाज

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तेव्हा शिकवत होते. त्या वर्षी सोयाबीन हातचं गेलं आणि गावातले कितीतरी आईबाप कामाला पुण्याकडे गेले. चौथीतली एक मुलगी अशीच मावशीकडे राहिली आणि हळूहळू वर्गात बोलेनाशीच झाली. समजावलं, गोष्टी सांगितल्या, काही उपयोग होईना. शेवटी काय करावं, असं शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं.

लगेच अकोल्याच्या एका उर्दू शाळेतल्या बाईंचा फोन आला. आमची ओळखदेख नव्हती. "मॅडम, तिले बोल बोल करू नका. फोन तिच्या हातात द्या अन् तुमी बाजूले व्हा. अकोल्याच्या पोरींले मराठी धडा ऐकायचा आहे, एवढंच सांगा."

मुलीनं कडुनिंबाखाली एकटीनं बसून धडा वाचला, अगदी बारीक आवाजात. फोनवर झालेलं ते रेकॉर्डिंग मी अकोल्याला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात असताना तिकडून फोन आला आणि मुलींचा गलका ऐकू आला, "दीदी, 'ळ' कसा म्हनाचा? आमाले जमतच नाही!"

ती खुदकन हसली. माझ्या हातातला फोन ओढून घेत म्हणाली, "जीभ वर वळवा. म्हना, बाळ, फळ, केळं!" अख्खा वर्ग तिच्याभोवती जमला.

मी बाईंचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या, "काहून? माझ्या पोरींले तर फुकटात मास्तरीण भेटली."

पुढे त्यांनी मोर्शी-तिवस्याच्या शाळाही या देवाणघेवाणीत ओढल्या. माझ्या वर्गातून बोलायचं काम मात्र तीच मुलगी करायची, दुसऱ्या कुणाला फोन द्यायचीच नाही.